तबकातल्या झाडाचं पाणी

 

रोपवाटिकेवर बोलायला लागल्यापासून एक प्रश्न आमच्याकडे फिरून फिरून येतोय. "बोन्सायला पाणी कमी घालायचं असतं ना? म्हणजे ते वाढत नाही, छोटंच राहतं?" हे विचारणाऱ्या बायका शेतातल्या, वाडीतल्या, झाडांमध्ये जन्म गेलेल्या. तरीही सगळ्यांच्या मनात तेच बसलंय, की हे झाड उपाशीतापाशी ठेवून बुटकं केलेलं असतं. भाषणांतसुद्धा आपण ऐकतो, की बाईचं बोन्साय करून ठेवलंय. त्यातला राग आम्हाला कळतो. पण झाडाच्या बाबतीत ही समजूत खोटी आहे आणि तिच्यापायी झाडं मरतात. झाडं मेली की कोणाच्या तरी मजुरीवर येतं. म्हणून आज इतिहासाच्या वाटेनं पाण्याकडे जाऊ.

आधी नावाचं बघू. बोन्साय हा जपानी शब्द, आणि तो आला चिनी शब्दावरून. 'बोन' म्हणजे उथळ तबक, 'साय' म्हणजे लावणं. आपल्या दुधावरच्या सायीशी त्याचा काही संबंध नाही. तबकात लावलेलं झाड, एवढाच अर्थ. नावात बुटकेपणा कुठंच नाही. नाव भांड्यावरून पडलंय, आणि पाण्याची सगळी गोम त्या भांड्यातच आहे.

चीनमध्ये इ.स. ७०६ साली एका राजपुत्राची कबर बांधली गेली. तिच्या आतल्या भिंतींवर चित्रं आहेत. त्यांतल्या एका चित्रात राजवाड्यातलं कामाचं माणूस दोन्ही हातांवर तबक धरून चाललंय, आणि तबकात लहानसे दगड आणि लहानशी झाडं आहेत. म्हणजे तेराशे वर्षांपूर्वी ही कला तिथं होती. आम्हाला त्या चित्रात आवडतं ते हे, की राजपुत्राच्या कबरीत झाड आलं ते नोकराच्या हातात आलं. हे झाड ज्याच्या मालकीचं असतं तो निराळा आणि ज्याच्या हातात असतं तो निराळा, ही गोष्ट तेव्हापासूनची आहे.

चीनमधून ही कला जपानात गेली. तिथल्या १३०९ सालच्या एका चित्रपटात, म्हणजे गुंडाळून ठेवायच्या लांब चित्रात, अशी तबकातली झाडं दिसतात. पुढे जपानी रंगभूमीवर 'हाची-नो-की' नावाचं नाटक आलं. नावाचा अर्थ 'कुंडीतली झाडं'. त्याची गोष्ट सांगतो.

बर्फ पडत असलेली रात्र. एका पडक्या घरात एक योद्धा आणि त्याची बायको राहतात. भाऊबंदांनी जमीन लाटलेली, घरात काही उरलेलं नाही. एक भिक्षू दारात येतो आणि रात्रीपुरता आसरा मागतो. नवरा आधी नाही म्हणतो, की आमच्याच घरात काही नाही, तुम्हाला काय देणार. मग बायकोच्या मनात कालवाकालव होते आणि ते त्याला बोलावून घेतात. खायला राळ्याचा भात. पण थंडी एवढी की पाहुणा रात्र काढेल याची खात्री नाही, आणि सरपण संपलेलं. त्या योद्ध्याकडे चांगल्या दिवसांतली तीन कुंडीतली झाडं राहिलेली असतात. एक आलुबुखारच्या जातीचं, एक चेरीचं आणि एक पाइनचं. तो ती तोडतो आणि चुलीत घालतो. तो भिक्षू म्हणजे वेषांतर करून फिरणारा राज्याचा माजी कारभारी होता. पुढे तो या योद्ध्याला बोलावतो, त्याची जमीन परत देतो आणि वर तीन गावं देतो, ज्यांच्या नावांत त्या तीन झाडांची नावं आहेत.

गोष्ट पाहुणचाराची आहे. पण आमच्या गटात ती वाचली तेव्हा एकीनं पटकन विचारलं, "खायला राळे, अंगावर पांघरूण नाही, आणि झाडं जिवंत? मग पाणी कोण घालत होतं?" नाटकात त्याचं उत्तर नाही.

जपानात या कामाची उमेदवारी कशी असते ते ऐका. शिकायला आलेल्या मुलाच्या हातात कात्री लवकर देत नाहीत. आधी झाडू, मग झारी. तिथं म्हणच आहे, की पाणी घालायला शिकण्यातच तीन वर्षं जातात. तीन वर्षं! आपल्याकडे कामाला बाई ठेवताना म्हणतात, "काही नाही गं, नुसतं झाडांना पाणी घालायचंय."

तीन वर्षं का लागतात, ते घरी करून बघा. भांडी घासायचा नवा, जाड स्पंज घ्या. पाण्यात पूर्ण बुडवा आणि आडवा तळहातावर धरा. थोडं पाणी गळेल आणि मग गळायचं थांबेल. आता तोच स्पंज उभा करा. लगेच पुन्हा धार लागेल. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची बदलली. कुंडीतल्या मातीचं हेच होतं. खोल कुंडीत पाण्याच्या वजनानंच वरचं पाणी खाली सरकतं आणि ओला थर तळाशी राहतो. उथळ तबकात तोच ओला थर मुळांच्या गळ्याशी येतो. म्हणजे पाणी घातल्यावर उथळ तबक जास्त चिंब राहतं. पण माती असते दोन-तीन ओंजळी. एप्रिलच्या उन्हात ती दुपारपर्यंत भाजून निघते. सकाळी बुडालेलं आणि दुपारी तहानलेलं असं हे झाड असतं. जमिनीतल्या वडाला तहान लागली तर तो मुळं लांब धाडतो. तबकातल्याला जायला जागाच नाही. त्याला जे मिळायचं ते आपल्या हातून.

मग ते छोटं राहतं कशानं? मुळं छाटल्यानं आणि शेंडे खुडल्यानं. ठरावीक वर्षांनी झाड कुंडीतून काढतात, जाड मुळं कापतात, बारीक तंतुमुळं ठेवतात. वरचे कोंब खुडत राहतात. आपण मिरचीचा किंवा झेंडूचा शेंडा खुडतो तशातलाच प्रकार. तहान मारून काही बुटकं होत नाही, ते वाळतं. उलट इतक्या थोड्या मुळांवर जगणाऱ्या झाडाला पाण्याची चूक सहन होत नाही.

आता झारीकडे वळू, कारण तिची वाट आपल्या दारावरून गेलीय. जपानात बोन्सायला पाणी घालायची तांब्याची झारी असते, लांब मानेची, तोंडाला बारीक भोकांची जाळी. पाणी पावसाच्या भुरभुरीसारखं पडतं आणि माती उडत नाही. त्या झारीला जपानीत 'जोरो' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला असं मानतात; पोर्तुगीजमध्ये 'जोर्रो' म्हणजे पाण्याची धार. सोळाव्या शतकात पोर्तुगीज व्यापारी जपानला पोचले. त्याच्याही आधी, १५२१ साली, ते आपल्या कुंडलिकेच्या मुखाशी चौल-रेवदंड्याला किल्ला बांधत होते, आणि १७४० पर्यंत तिथं होते. कोर्लईत आजही काही घरांत पोर्तुगीजमधून निघालेली बोली बोलतात. म्हणजे जी नदी कोलाडवरून वाहत रेवदंड्याला समुद्राला मिळते, तिच्या तोंडाशी बसलेल्या लोकांच्या भाषेतला पाण्याचा शब्द जपानी माळ्याच्या हातात गेला. आपली झारी मात्र आपलीच, तिला त्यांच्याकडून काही घ्यावं लागलं नाही.

त्याच किनाऱ्यावर अष्टागरातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या रहाटावर शिंपल्या जायच्या. रहाटाच्या माळेला मडकी, ओढायला बैल नाहीतर रेडा, कुठं माणसानंच पायानं फिरवायचा पायरहाट. पाणी पाटात, पाटातून आळ्यात. एक आळं भरलं की मातीचा बांध मोडून दुसऱ्याकडे वाट करून द्यायची. यात कोणत्या आळ्याला किती वेळ, हे कुणी मापून सांगितलेलं नसतं. माती बघून कळतं. आपल्या आज्या-पणज्यांना ते कळत होतं. बोन्सायचा जपानी गुरू तीन वर्षांत जे शिकवतो ते याहून फार वेगळं नाही. फक्त आळं तळहाताएवढं असतं.

पाण्यासाठी झाडांची अख्खी वस्ती उठल्याचा दाखलाही आहे. १९२३ साली तोक्योत महाभूकंप झाला, आगी लागल्या, शहर उद्ध्वस्त झालं. तिथं बोन्साय करणाऱ्यांच्या बागा होत्या. त्यांतल्या काही कुटुंबांनी ठरवलं, की शहरात आता राहायला नको. त्यांना चांगली माती, मोकळी हवा आणि स्वच्छ पाणी हवं होतं. ती जागा ओमियाला सापडली आणि १९२५ साली तिथं बोन्सायचं गाव वसलं. गावाचे नियम मोठे मजेचे. प्रत्येक घरी निदान १० बोन्साय हवेत, बाग लोकांना बघायला उघडी हवी, कुंपण झुडपांचं हवं आणि दुमजली घर बांधायचं नाही, म्हणजे शेजाऱ्याच्या झाडांवर सावली पडणार नाही. युद्धाच्या काळात बोन्साय म्हणजे चैन ठरली आणि कितीतरी बागा बंद पडल्या. पण गाव राहिलं आणि आजही आहे.

ती माणसं झाडं घेऊन पाण्याकडे गेली. आपल्याकडे बरोबर त्याच वर्षांत उलटं घडत होतं. पाणी डोंगर फोडून आपल्याकडे येत होतं. मुळशीला टाटांचं धरण व्हायचं ठरलं, त्यात मावळातल्या गावांची जमीन जाणार होती. १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली मुळशी सत्याग्रह सुरू झाला. बायकाही त्यात होत्या, तुरुंगात गेल्या. सत्याग्रह मोडला, धरण झालं. मुळेचं पाणी, जे पूर्वेला भीमेत, कृष्णेत जायचं, ते सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला भिऱ्याच्या वीजघरात उतरलं. १९२७ पासून तिथं वीज होते आणि वीज करून झालेलं पाणी कुंडलिकेत सुटतं. डोलवहाळच्या बंधाऱ्यापाशी ते अडवून कालव्यांत सोडतात. आपल्या भागात उन्हाळी भात दिसतो, तो याच पाण्यावर. कोलाडला पर्यटक रबरी होड्यांतून सकाळी नदीत उतरतात, तेही भिऱ्याचं पाणी सुटण्याच्या वेळा सांभाळून. रोपवाटिकेच्या कुंडीत आपण जो तांब्या ओततो, त्यात कुणाच्या तरी बुडालेल्या गावाचं पाणी असू शकतं. बोन्सायच्या बोलण्यात हे कशाला, असं कुणी म्हणेल. आम्हाला वाटतं, पाण्याबद्दल बोलताना ते कुठून आलं हे बोलायलाच हवं.

आता एका झाडाची गोष्ट. पांढऱ्या पाइनचं एक बोन्साय, १६२५ सालापासून कुंडीत वाढवलेलं. शिवाजी महाराज जन्मायच्या आधीपासूनचं. हे झाड हिरोशिमातल्या यामाकी नावाच्या कुटुंबाकडे होतं. ६ ऑगस्ट १९४५ ला त्या शहरावर अणुबॉम्ब पडला. बॉम्बची जागा त्यांच्या घरापासून सुमारे तीन किलोमीटरवर. घराच्या काचा फुटून उडाल्या. झाडं बागेच्या उंच भिंतीआड होती, ती वाचली. पुढे १९७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०० वर्षं झाली, तेव्हा जपाननं तिला ५३ बोन्साय भेट दिले. त्यांत मासारू यामाकींनी हे झाड दिलं. ज्या देशानं बॉम्ब टाकला त्याच देशाला! आणि देताना त्या दिवसाचा बोभाटा केला नाही. वॉशिंग्टनमधल्या सरकारी वनस्पती उद्यानात ते झाड नुसतं एक जुनं झाड म्हणून राहिलं. २००१ साली यामाकींचे दोन नातू ते बघायला गेले आणि त्यांनी सांगितलं, तेव्हा तिथल्या लोकांना कळलं.

लोकांना यातला बॉम्ब लक्षात राहतो. आम्हाला ७ ऑगस्ट लक्षात राहतो. शहर जळतंय, माणसं शोधायचीत, जखमी आहेत, आणि ऑगस्टचा उन्हाळा. तबकातलं झाड अशा दिवसांत पाण्यावाचून टिकत नाही. म्हणजे त्या दिवसांतही कुणीतरी त्याला पाणी दिलंच असणार. आणि १६२५ पासून धरलं तर चारशे वर्षं कुणी ना कुणी रोज दिलं. मालकाचं नाव कळतं, भेट देणाऱ्याचं कळतं. पाणी घालणाऱ्यांची यादी कुठं नाही.

आपल्या देशात बोन्साय लोकांच्या घरात आलं ते शहरांतून. मुंबईत निकुंज आणि ज्योती पारेख या जोडप्यानं इंडो-जपानी असोसिएशनच्या बोन्साय अभ्यास गटातून ही कला शिकवली. पुण्यात प्राजक्ता काळे यांनी २०१८ साली ३,३३३ बोन्साय एका ठिकाणी मांडले, त्याची गिनेस बुकात नोंद झाली. बिनजमिनीच्या फ्लॅटमध्ये वड-पिंपळ आले, ते असे. आता वटपौर्णिमेला फांदी तोडून पुजण्यापेक्षा कुंडीतला वड पुजणाऱ्या बायकाही दिसतात. आम्हाला ते फांदीपेक्षा बरं वाटतं, पण रस्त्याकडेचा खरा वड अजून उभा असेल तिथं तोच पुजावा.

आणि शहरांतून ते हायवेनं आपल्याकडे आलं. फार्महाऊस झाले, रिसॉर्ट झाले, त्यांच्या पडवीत दहा-दहा, वीस-वीस हजारांची झाडं आली. त्यांना पाणी घालायला जातात आपल्यातल्याच जणी. आमच्या ओळखीतली एक ताई अशाच एका बंगल्यावर जायची. मालकांनी बजावून ठेवलेलं, रोज सकाळी एक मग, कमी नाही, जास्त नाही. त्यांनी एप्रिलात सांगितलं होतं. जूनमध्ये पाऊस लागला, जुलैत झड बसली, पडवीच्या पागोळ्यांचं पाणी त्याच कुंडीत पडत होतं. ताई म्हणाली, पाणी बंद करते. उत्तर आलं, सांगितलंय तेवढं कर. झाडाची मुळं कुजली, पानं पिवळी पडून गळली. आणि महिन्याच्या पगारातून पैसे कापले, का, तर तू जास्त पाणी घातलंस.

त्या तीन वर्षांच्या उमेदवारीसमोर हा एक मग ठेवून बघा. मापून द्यायचं पाणी हे बोन्सायचं पाणीच नव्हे. बोन्सायला दिवसाच्या हिशोबानं पाणी द्यायचं नसतं, मातीच्या हिशोबानं द्यायचं असतं. हे ज्याला ठाऊक नाही तो मालक, आणि जिला ठाऊक होतं ती नोकर. तेव्हापासून आमच्या गटातल्या बायका काम धरताना स्पष्ट सांगतात, पाणी कधी आणि किती ते आम्ही बघून ठरवू. दोन ठिकाणी मालकांनी ऐकलं, एका ठिकाणी काम गेलं.

तर बघायचं कसं? बोट पेरभर मातीत घाला. किंवा उदबत्तीची काडी खोचा, थोड्या वेळानं काढा. ओली, काळपट निघाली तर आज नको. वरची माती कोरडी लागली आणि खाली किंचित ओल असेल, तर आता घालायचं. घालायचं ते झारीनं, सगळ्या मातीवर, तळाच्या भोकांतून पाणी निघेपर्यंत. पाच मिनिटं थांबून पुन्हा एकदा. चूळभर पाणी रोज शिंपडलं तर वरची माती ओली दिसते आणि खाली मुळं कोरडी राहतात. असं झाड वरून पाणी प्यालेलं दिसतं आणि आतून उपाशी असतं.

माती फार सुकली असेल, विशेषतः नारळाच्या सोडणाचा भुसा घातलेली, तर ती पाणी घेतच नाही. पाणी कडेकडेनं निघून जातं आणि आपल्याला वाटतं भिजलं. तेव्हा कुंडी घमेल्यात पाण्यात ठेवायची, बुडबुडे यायचे थांबले की काढून निथळायची.

भातखाचरातली चिकट माती तबकात भरू नका. विटेचा जाडसर चुरा, चाळलेली जाड वाळू आणि कुजलेलं शेणखत, असं पाणी वाहून जाईल असं मिश्रण हवं. वड, उंबर, पिंपळ ही आपली झाडं शिकायला चांगली, थोडं कमीजास्त सोसतात. विहिरीच्या बांधावर, पडक्या भिंतीच्या फटीत मूठभर मातीवर उंबर वर्षानुवर्षं उभा असतो, तो आपण बघतोच. अडेनियमसारख्या फुगीर बुंध्याच्या झाडाला मात्र दोन पाण्यांमध्ये माती पुरती सुकू द्यावी लागते. त्याला वडाच्या रांगेत ठेवलं तर एकाचं पाणी दुसऱ्याला मारतं.

आणि आपला पाऊस. जपानच्या पुस्तकांत वाचून इथं चालणार नाही, आपल्याकडे चार महिन्यांत ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाणी पडतं. आगोटीची कामं निघतात, सरपण आत जातं, तेव्हाच बोन्सायची जागा बदलायची. पागोळ्यांखालून काढायचं. कुंडीखालची ताटली काढून टाकायची. झड लागली की कुंडीच्या एका बाजूला विटेचा तुकडा सारायचा, म्हणजे ती कलती होते, एक कड उंच जाते आणि अडून राहिलेलं पाणी गळतं. स्पंज उभा केला होता, तेच. तळाची भोकं काडीनं मोकळी करायची, कारण पावसात माती बसून ती बुजतात. पाऊस उघडला तरी चार दिवस झारीला हात लावायची घाई नको, काडी बघायची.

गौरी-गणपती होतात, नवरात्र येतं आणि मग ऑक्टोबरचं ऊन एकदम चढतं. चार महिने पाणी न घालायची सवय लागलेली असते. त्या पंधरवड्यात झाडं जास्त जातात, तहानेनं. तेव्हा कुंडी पुन्हा सपाट करायची, वीट काढायची आणि काडी सकाळबरोबर दुपारीही बघायची.